शेवटच्या नळाचा फोटो : पावसाळी आरोग्याच्या प्रकल्प नोंदी

१० जून

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि शिरोळ तालुक्यांतली नदीकाठची काही गावं या पावसाळ्यासाठी ठरली. गॅस्ट्रो, कावीळ, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांबद्दलची माहिती लोकांच्या मोबाइलवर अशी पोचवायची की ऐकणाऱ्यानं त्या दिवशी घरात काहीतरी वेगळं केलं पाहिजे. सोबत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम, आशाताई, नळाचं पाणी तपासणारे गावोगावचे जलसुरक्षक आणि कॉलेजची चार-पाच मुलं आहेत.

नवीन व्हॉट्सअ‍ॅप गट काढायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवलं. गावात गट भरपूर आहेत. दूध संस्थेचा, तालमीचा, बचत गटाचा, शाळेच्या पालकांचा, ग्रामपंचायतीचा, शिवाय भावकीचे वेगळे. 'आरोग्य जागृती' नावाचा आणखी एक गट काढला तर त्यात आमच्यासारखेच लोक जमतील आणि एकमेकांना नमस्कार घालत बसतील. जिथं लोक आधीच बसलेत तिथंच जायचं.

१४ जून

उपकेंद्रात आशाताईंची बैठक. वरून येणारी पोस्टरं त्यांनी मोबाइलवर दाखवली. एकाच चित्रात बारा सूचना आणि खाली बारीक अक्षरांत आणखी काही. एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "वाचायला कुणाला सवड हाय? मी बोललो तर ऐकत्यात. माझा आवाज वळखीचा हाय."

त्यावरून कामाची रीत ठरली. मजकूर डॉक्टर मॅडमनी तपासायचा, पण प्रत्येक गावच्या ताईनं तो आपल्या बोलीत, आपल्या आवाजात, मिनिटाच्या आत रेकॉर्ड करायचा. यामागं एक तांत्रिक कारणही आहे. पुढं ढकलत आलेला संदेश पाच टप्पे ओलांडून गेला की व्हॉट्सअ‍ॅप त्यावर दुहेरी बाण लावतं, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. गावागणिक नवं रेकॉर्डिंग असलं की ही अडचण राहत नाही. शिवाय दुहेरी बाण दिसला की लोक आता सावध होतात, ते चांगलंच आहे.

वेळेबद्दल ताईंना आमच्यापेक्षा जास्त कळतं. सकाळी दूध घालायच्या वेळी मोबाइल खिशात असतो, हातात नसतो. बायकांच्या हाती तो रात्री भांडी झाल्यावर येतो, तोही काही घरांत मुलाचा किंवा नवऱ्याचा. म्हणून रात्री साडेआठनंतर पाठवायचं आणि स्टेटसलाही ठेवायचं. गटात एक अक्षर न लिहिणाऱ्या सुना ताईचं स्टेटस मात्र न चुकता बघतात. दूध संस्थेच्या सचिवांनी सकाळ-संध्याकाळच्या संकलनावेळी माइकवरून तीच रेकॉर्ड केलेली नोट वाजवायची तयारी दाखवली. ज्या घरात स्मार्टफोन नाही, त्या घरातलंही दूध संस्थेत येतं.

त्याच ज्येष्ठ ताईंनी गोवर-रुबेला मोहिमेची आठवण सांगितली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना ती लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा काही पालक मोबाइल हातात धरून शाळेत आले होते. लसीनं मूल दगावतं, पुढं मूलबाळ होत नाही, असं त्यात लिहिलेलं. ताई आणि सिस्टर व्हरांड्यात बसल्या आणि एकेका पालकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुपारपर्यंत बहुतेकांनी मुलांना रांगेत उभं केलं. मला या बैठकीतून हेच घेऊन जायचं होतं. त्या दिवशी लोकांचं मन वळवलं ते समोर बसून दिलेल्या उत्तरांनी. आपल्या प्रकल्पात संदेश पाठवण्याची व्यवस्था आहे, पण उत्तर कोण देणार हे कुठंच लिहिलेलं नाही.

२१ जून

पहिली नोट गेली, जुलाब आणि ओआरएसवर. एक लिटर पाण्यात एक पुडा. पुडा नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेलं पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं, उरलं तर ओतून नवं करायचं.

रात्रीत प्रश्न आले. त्यातला एक वाचून डॉक्टर मॅडमनी लगेच फोन केला. एका आईनं विचारलं होतं, "पोरगं लिटरभर पीत न्हाई, म्हणून मी आख्खा पुडा एका ग्लासात कालवून देतो, चालतंय न्हवं?" चालत नाही. एवढ्या घट्ट पाण्यानं शरीरात मिठाचं प्रमाण वाढतं आणि आधीच सुकलेल्या मुलाला त्यातून धोका होऊ शकतो. पुडा पूर्ण लिटरातच विरघळवायचा आणि त्यातलं वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजत राहायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं. हे उत्तर त्या आईला त्याच रात्री गेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावांत स्वतंत्र नोट म्हणून गेलं. आमच्या मूळ मजकुरात हे नव्हतं आणि तिनं विचारलं नसतं तर आलंही नसतं.

दुसरा प्रश्न दुकानात मिळणाऱ्या खोक्यातल्या गोड पेयांचा. ओआरएससारखं नाव दिसलं म्हणजे ते ओआरएस ठरत नाही. पुड्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघायचं. आशाताईकडं पुडे फुकट मिळतात. सोबत मुलांसाठी झिंकच्या गोळ्याही असतात. त्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी.

२७ जून

उत्तरांची पाळी लावली. एक वेगळा नंबर, रोज दोघं जण. माहीत असलेलं लगेच सांगायचं. औषध, मात्रा, गरोदर बाई, तान्हं मूल यांपैकी काहीही असेल तर मॅडमना विचारल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, 'उद्या सांगतो' असं का होईना.

आजच एका गटात कुणीतरी शेजाऱ्याच्या मुलीचा रक्ताचा रिपोर्ट नावासकट टाकला. काळजीपोटी टाकला होता, हे कळतं. तरी ग्रुप अ‍ॅडमिनला फोन करून तो काढायला लावला. गावात एखाद्या लग्नाच्या मुलीच्या नावापुढं 'कावीळ' किंवा 'टीबी' लागलं की ते वर्षानुवर्षं पुसत नाही. आता नियम असा की रिपोर्ट गटात टाकायचा नाही, आमच्या नंबरवरही नाही. तो घेऊन सिस्टरकडं जायचं. प्रत्येक अ‍ॅडमिनला हे प्रत्यक्ष भेटून सांगितलं, कारण असलं सांगणं मेसेजवर नीट पोचत नाही.

४ जुलै

आषाढ लागला. मंगळवारी-शुक्रवारी पी-ढबाक वाद्यांच्या सुरावर डोक्यावर कलश घेतलेल्या पोरी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या, टेकडीकडं निघतात. पंचगंगेला आलेलं नवं पाणी त्र्यंबोलीच्या पायरीवर ओतायचं, ही कोल्हापूरची जुनी रीत. नदीचा रंग बदलला की आजाराचा हंगाम उघडतो, हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतंच. याच आठवड्यात पाण्यावर बोलायचं ठरवलं. "नवं पाणी देवीला, घरात मात्र गाळून, शुद्ध करून" अशी सुरुवात एका ताईनं स्वतःच सुचवली आणि ती आम्ही सगळीकडं घेतली.

पाण्यात टीसीएल (क्लोरीनची शुद्धीकरण) पावडर टाकली जाते का, याबद्दल लोकांच्या मनात कायम शंका. जलसुरक्षक रोज सकाळी ओटी टेस्ट करतो, म्हणजे नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. ही टेस्ट वहीत नोंदली जाते आणि वही ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते. त्यापेक्षा टेस्टचाच फोटो रोज गावाच्या गटात टाकायचा, अशी कल्पना पुढं आली. अट एकच घातली. टाकीजवळच्या नळाचा फोटो नको, गावाच्या टोकाला जो शेवटचा नळ आहे तिथला हवा. क्लोरीन वाटेत कमी होत जातो. टाकीखाली रंग गडद येतो आणि टोकाच्या वस्तीत काहीच येत नाही, असं सहज घडतं.

एका गावच्या जलसुरक्षकानं आजपासून सुरू केलं. पिवळं पाणी असलेली नळी, मागं नळ, आणि खाली त्याचा आवाज : "सकाळचं साडेसहा, मागासवर्गीय वस्तीचा नळ, रंग आलाय."

९ जुलै

फोटोचा परिणाम अपेक्षेहून लवकर दिसला. एका काकूंनी विचारलं, "का वो दादा, पाणी असं औषधावानी वास मारतंय, म्हणून आमी बोअरचं आणतोय. बरोबर हाय का?" वास क्लोरीनचा असतो आणि तो येतोय म्हणजे काम होतंय, हे उत्तर जलसुरक्षकानंच दिलं. भांड्यात भरून अर्धा तास ठेवा, वास उतरतो. बोअरचं पाणी दिसायला निवळ असलं तरी शेजारी शोषखड्डा असेल तर भरवसा नाही.

११ जुलै

आज रंग आला नाही. जलसुरक्षकानं फोटो काढला आणि मला फोन करून विचारलं, टाकू का? मी म्हटलं, टाका, आणि पुढं काय करायचं तेही लगेच सांगा. त्यानं टाकलं : "आज शेवटच्या नळाला रंग नाही. आजचं पाणी उकळून प्या. दुपारी परत टेस्ट करतो."

अर्ध्या तासात सरपंचांचा फोन. गावाची बदनामी होते, विरोधक उचलतील, आधी आम्हाला सांगायचं. त्यांची अडचण मला समजते. पण जो फोटो रोज पिवळाच दिसणार हे आधीच ठरलेलं आहे त्यावर कोण विश्वास ठेवेल? लोकांनी आज पाणी उकळलं, कारण गेला आठवडाभर तोच माणूस खरं सांगत होता. सरपंचांच्या घरी जाऊन बसलो, चहा झाला. दुपारी जलसुरक्षक, ग्रामसेवक आणि आम्ही पंपघरात गेलो. टीसीएलचं पोतं उघडं, भिंतीच्या ओलीला टेकून ठेवलेलं. ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग मोजून टाकली तरी उपयोग नाही. नवं पोतं आलं, ते झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, फळीवर ठेवलं. संध्याकाळी रंग आला आणि तो फोटो सरपंचांनी स्वतःच्या मोबाइलवरून टाकला, पंपघरात काय बदललं ते लिहून. मला वाटतं या संपूर्ण कामात यापेक्षा मोठी गोष्ट झालेली नाही.

उकळण्याबद्दलही प्रश्न आले. वीस मिनिटं उकळायचं तर गॅस किती जाईल? मॅडमचं उत्तर : खळखळून उकळी फुटली, मिनिटभर तशी राहू दिली की पुरे. झाकून थंड करा, त्यात हात किंवा पेला बुडवू नका, ओगराळ्यानं काढा. वीस मिनिटांच्या धाकानं जे कुणी उकळतच नव्हते त्यांना हे जमण्यासारखं आहे.

१६ जुलै

तालमीतल्या मुलांनी डेंग्यूच्या डासांवर इन्स्टाग्रामवर रील केला. व्यायाम संपल्यावर पैलवान पाण्याचं बॅरल उलटं करून घासतात आणि म्हणतात, "भावा, आठवड्यातनं एकदा कोरडा दिवस." रील खूप चालला. पण प्रतिक्रिया बघितल्या तर पुण्या-मुंबईच्या जास्त. गावात त्याचा उपयोग वेगळ्या तऱ्हेनं झाला. शेजारच्या तालमीनंही बॅरल घासतानाचा रील काढला आणि मग गल्लीगल्लीत चढाओढ लागली. किती जणांनी बघितलं हा आकडा अहवालात लिहायचा नाही, असं मी सुचवलंय.

२४ जुलै

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर. धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला हे आकडे सांगावे लागत नाहीत. बाकी सगळे विषय थांबवले. आजची नोट : बीपी-शुगरच्या, टीबीच्या गोळ्या, बाळाचं लसीकरण कार्ड, गरोदरपणाची फाइल, चष्मा हे सगळं एका प्लॅस्टिक पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. दिवस भरत आलेल्या बायकांची यादी ताईंकडं आहेच, त्यांना पाणी यायच्या आधी हलवायचं काम सुरू.

२६ जुलै

अफवांचा दिवस. राधानगरी धरणाच्या दरवाजांचा जुना व्हिडिओ 'आत्ताच' म्हणून फिरतोय. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. दरवाजे उघडले याचा अर्थ धरण फुटलं असा नाही. आमचा विषय आरोग्य, पण घाबरून रात्री पाण्यातून निघालेल्या म्हातारीचा पाय मोडला तर तो आरोग्याचाच प्रश्न. चुकीचा व्हिडिओ पुन्हा दाखवून 'हे खोटं आहे' असं म्हणायचं नाही, हे पक्कं ठरवलंय. लोकांच्या डोळ्यांपुढं चित्र राहतं, खालचं वाक्य निसटतं. आधी खरं काय ते सांगायचं : आत्ता बंधाऱ्यावर पाणी इतकं, प्रशासनानं हे कळवलंय, तुमच्या गावासाठी सूचना ही.

नोंद आखूड ठेवतोय, नंबरवर प्रश्न थांबत नाहीत.

३ ऑगस्ट

पाणी उतरतंय. चिखल, मेलेली उंदरं-घुशी, गोठ्यातला राडा. लेप्टोची वेळ हीच. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतो आणि पायाच्या चिरेतून, भेगेतून आत शिरतो. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल. नोटमध्ये तीन गोष्टी सांगितल्या : जखम झाकून गमबूट घालून उतरा, वर आल्यावर साबणानं पाय धुवा, ताप आला तर 'मी चिखलात काम केलंय' हे डॉक्टरला आपणहून सांगा.

यावर टीममध्ये वाद झाला. पूरग्रस्त भागात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. गोळीचं नाव नोटमध्ये घ्यावं का? मी विरोध केला आणि मॅडमनीही. नाव फिरलं की लोक मेडिकलमधून पानंच्या पानं आणतील, आणि ही गोळी गरोदर बाईला, लहान मुलाला चालत नाही. आम्ही एवढंच सांगितलं की चिखलात काम करणाऱ्यांनी उपकेंद्रात यावं, कुणाला गोळी द्यायची ते तिथं ठरेल. काही जण गेले.

सापांचंही वाढलंय. चावल्यावर चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका, अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन. साप विषारी आहे का बिनविषारी, यावर गटात फोटो टाकून चर्चा करत बसायचं नाही. ती चर्चा होईपर्यंत दवाखाना गाठता येतो. सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) सरकारी रुग्णालयात फुकट मिळते.

१९ ऑगस्ट

डेंग्यूवरची नोट पाठवताना यावेळी उलट विनंती केली : तुमच्या बॅरलात वाकून बघा, वळवळणारं काही दिसलं तर फोटो पाठवा. फोटोंचा पाऊस पडला. फ्रिजच्या मागचा ट्रे, जनावरांचा हौद, गच्चीवरचे टायर, तुळशीशेजारचं मडकं. डेंग्यूचा डास गटारीत होतो अशीच इथल्या बहुतेकांची समजूत. तो होतो घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात आणि चावतो दिवसा. हे वर्षानुवर्षं भिंतीवर लिहिलेलं आहे. पण स्वतःच्या बॅरलातला किडा स्वतः टिपून पाठवलेल्या बाईला ते पुन्हा सांगावं लागत नाही. एका मावशींचं म्हणणं, "आमी पाणी ओतून परत भरतो, तरी हुत्यातच." कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कडा घासायला लागतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस, म्हणून आठवड्याला एकदा. हौद ओतता येत नाही, तिथं गप्पी मासे, आरोग्य केंद्रातून फुकट.

२ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत तापाचे पेशंट वाढलेत. नंबरवर सर्वांत जास्त प्रश्न पेशींचे, म्हणजे डेंग्यूत घटणाऱ्या प्लेटलेट्स कशा वाढवायच्या याचे. पपईच्या पानाचा रस, किवी, शेळीचं दूध. शेळीच्या दुधासाठी माणसं दोन-दोन गावं फिरतायत. त्यांना हसण्यासारखं यात काही नाही. घरातलं मूल तापानं फणफणलंय आणि हाताशी करण्यासारखं एवढंच दिसतंय. म्हणून उत्तर 'हे चुकीचं आहे' असं सुरू न करता 'तुम्ही हे करा' असं सुरू करतो. भरपूर पातळ द्या : ओआरएस, ताक, पेज, शहाळं. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, ताप उतरला म्हणून निवांत होऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप कमी होतानाच बिघाड होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, मूल मलूल पडणं, यांतलं एकही दिसलं तर पेशींचा आकडा विचारत बसू नका, थेट दवाखाना.

काल रात्री एका वडिलांनी लिहिलं, मुलीचा ताप उतरलाय पण ती सारखी झोपते आणि पोट धरते. पाळीवरच्या मुलीनं मॅडमना फोन लावला, मॅडमनी वडिलांना. रात्रीच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलं. आज सकाळी तिथं सलाइन चालू आहे, बरी आहे.

२० सप्टेंबर

आमचा निधी या महिन्यात संपतो. ताईंचं रेकॉर्डिंग चालू राहील, त्याला पैसा लागत नाही. जलसुरक्षकाचे फोटो आणखी काही गावांनी आपणहून सुरू केलेत. अडचण नंबरची आहे. उत्तर देणारं माणूस नसेल तर तो नंबर बंद करावा, उत्तर न येणारा नंबर गावात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत बैठकीत मांडलं. मॅडमनी मार्ग काढला : दुपारी तीन ते पाच केंद्रातल्या आरोग्य सेविका पाळीनं उत्तरं देतील, रात्रीचे प्रश्न १०४ या सरकारी आरोग्य-सल्ला नंबरकडं वळवायचे. कॉलेजची दोन मुलं आठवड्याचे प्रश्न गोळा करून मॅडमपुढं ठेवतील आणि पुढची नोट त्यातूनच ठरेल.

आलेले सगळे प्रश्न नावं-नंबर काढून विषयवार वहीत उतरवायला घेतलेत. दिवाळीच्या आत ती वही केंद्रात द्यायची आहे. ऑक्टोबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतील. त्यांच्या पालांवर पिण्याच्या पाण्याची टेस्ट कोण करणार आणि त्यांच्या मोबाइलवर मराठवाड्यातल्या बोलीत कोण बोलणार, हे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिलं लिहिलंय.